साप पकडला, पुढे काय?

रिसोड तालुक्यातलं रिठद घ्या, नाहीतर वाशीम जिल्ह्यातलं दुसरं कुठलंही सोयाबीनचं गाव. मृगाचा पाऊस बरसला की सर्पमित्राचा फोन वाजायला लागतो. बिळांत पाणी शिरतं, बेडूक बाहेर पडतात, बेडकांमागे साप येतात आणि सापामागे काठ्या घेतलेली माणसं. सर्पमित्र म्हणजे कुणी मोबाइल दुरुस्त करणारा, कुणी मास्तर, कुणी नुसतंच सापांचं वेड लागलेलं पोरगं. पगार नाही, पद नाही. तरी खेड्यापाड्यांत सापांबद्दल जे काही शहाणपण पोचलं, ते बरंचसं याच मंडळींमुळे.

या कामाला महाराष्ट्रात वलय मिळवून दिलं पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांनी. १९८० मध्ये ते ७२ विषारी सापांसोबत काचेच्या खोलीत ७२ तास बसले. साप उगाच चावत नाही, हे त्यांना लोकांना दाखवायचं होतं. १९८६ मध्ये कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं. पुढच्या पिढीतल्या काहींनी मात्र त्यातलं धाडस तेवढं उचललं. गळ्यात नाग घालून व्हिडिओ काढणाऱ्याला सर्पमित्र म्हणणं मला पटत नाही. जाणता माणूस सापाला हातही लावत नाही. पिशवीच्या तोंडाला पाइप बांधून ठेवतो, हुकाने सापाला हळूच तिकडे वळवतो. अंधारी, अरुंद जागा दिसली की साप आपसूक आत शिरतो.

खरी परीक्षा ओळखण्यात असते. फोनवर सांगतात, ‘काळा आहे, पांढरे पट्टे आहेत.’ मण्यार तशीच दिसते आणि बिनविषारी कवड्याही बराचसा तसाच. मण्यारीचे पट्टे बहुधा जोडीजोडीने असतात, मानेकडे विरळ आणि शेपटीकडे ठळक. कवड्याचे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. शंका उरलीच तर पाठीच्या मधोमधची खवल्यांची रांग बघायची. मण्यारीचे ते खवले मोठे, षटकोनी असतात. ही चूक परवडणारी नाही. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. बऱ्याचदा सूज नाही, वेदना नाही, दाताची खूणही सापडत नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक खेड्यातली.

एवढं सगळं करून पिशवीत गेलेला साप सोडायचा कुठे? ‘लांब जंगलात’ हे ठरलेलं उत्तर. पण सापालाही आपला इलाखा असतो. बिळं, पाणी, भक्ष्य त्याला ठाऊक असतं. कर्नाटकात अगुंबेला नागराजांच्या अंगात रेडिओ ट्रान्समीटर बसवून त्यांचा माग काढला गेला. तिथे दूर नेऊन सोडलेला नर स्थानिक नरापेक्षा कितीतरी जास्त भटकला. नागराज विदर्भात नाही आणि एका-दोन सापांवरून नियम बांधू नये, हे कबूल. पण आपल्या नागाचं, घोणशीचं, धामणीचं काय होतं, हे कळायला आधी कुणीतरी लिहून तर ठेवलं पाहिजे.

इथेच घोडं अडतं. सह्याद्रीत अभ्यासक पोचले. आंबोलीच्या पठारावरचा भेक २००९ मध्ये जगाला नवी जात म्हणून कळला. वऱ्हाडातल्या शेतातला पिवळाधमक बेडूक मात्र पावसापुरता डरावतो आणि विसरला जातो. याच बेडकाच्या तंगड्या एकेकाळी परदेशी जात. १९८७ मध्ये ती निर्यात बंद झाली. फवारणीच्या शिवारात आता किती बेडूक उरलेत, हे सांगायला नोंद लागते. ती करायला शाळेची वही पुरते: तारीख, वेळ, जागा, जात, फोटो, कुठे सोडला.

तेव्हा तुमच्या घरी सर्पमित्र आला तर नुसता चहा पाजून बोळवण करू नका. साप कुठला, तो कुठे सोडणार, कुठे लिहिलंत, हे त्यांना विचारा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार साप घरी ठेवून घेता येत नाही, हेही ध्यानात असू द्या. आणि दंश झालाच असेल तर साप शोधत बसू नका, मांत्रिकाकडे जाऊ नका. १०८ ला फोन लावा. विषावरचा उतारा दवाखान्यातच मिळतो.