उत्तरायुष्यातील सहाध्यायी

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली. या विद्यापीठाच्या बी. ए. परीक्षेत १८६२ साली उत्तीर्ण झालेल्या पहिल्या तुकडीत अवघे चार विद्यार्थी होते. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे हे ते चौघे होत. पुढे कोणी न्यायखात्यात गेले, कोणी शिक्षणखात्यात. बदल्या झाल्या, गावे बदलली. तथापि प्रार्थना समाजाच्या कार्यामुळे या सहाध्यायांचा परस्परांशी असलेला संबंध तुटला नाही. न्यायमूर्ती रानडे १९०१ साली निवर्तले. डॉ. भांडारकरांना ८८ वर्षांचे आयुष्य लाभले आणि १९२५ साली त्यांचे निधन झाले. महाविद्यालयात जडलेला स्नेह उत्तरायुष्यापर्यंत टिकून राहिल्याचे हे आपल्याकडील अगदी आरंभीच्या उदाहरणांपैकी एक म्हणावे लागेल.

चौघांच्या तुकडीला एकमेकांचा ठावठिकाणा ठेवणे अवघड नव्हते. त्यानंतर शंभर वर्षांनी परिस्थिती पार बदलली. साताऱ्याचे छत्रपती शिवाजी महाविद्यालय १९४७ साली आणि त्या वेळच्या औरंगाबादेतील मिलिंद महाविद्यालय १९५० साली सुरू झाले. पुणे विद्यापीठ १९४९ साली, मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली आणि कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ साली अस्तित्वात आले. ज्यांच्या घराण्यात त्यापूर्वी कोणी मॅट्रिकच्या पुढे गेले नव्हते, अशा शेतकरी, कारागीर व दलित कुटुंबांतील मुले आणि थोड्या मुली प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढल्या. एका खोलीत चौघे राहावयाचे, एक पुस्तक तिघांनी वाचावयाचे, गावाहून एस. टी.ने येणाऱ्या डब्यातील भाकरी वाटून खावयाची, अशा स्थितीत ही मैत्री जडलेली होती. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि यांतील अनेक जण शिक्षक, विस्तार अधिकारी, लिपिक म्हणून तालुक्यातालुक्यांत विखुरले. त्या वेळी विशीच्या उंबरठ्यावर असलेली ही पिढी आज ऐंशीच्या घरात आहे.

हा तर खाजगी जिव्हाळ्याचा विषय. त्याचा शासनाशी, शाळेशी वा ग्रामपंचायतीशी काय संबंध, असा प्रश्न कोणी विचारील. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख होती. या पिढीतील बहुसंख्य शासकीय सेवक वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त झाले. म्हणजे जितकी वर्षे नोकरीत काढली त्याच्या निम्मी किंवा त्याहूनही अधिक वर्षे निवृत्तीनंतर काढावयाची, असा हा नवा हिशेब आहे. निवृत्तिवेतनाने धान्याचा आणि औषधांचा प्रश्न काही अंशी सुटतो. बोलावयास माणूस कोठून आणावा, याची तरतूद मात्र कोणत्याही अंदाजपत्रकात करता येत नाही.

एकेरी हाक

आपल्या समाजात वय आणि हुद्दा वाढला की माणसाचे नाव हळूहळू मागे पडते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला माणूस गावाचा ‘गुरुजी’ होतो, कचेरीत मोठ्या पदावर गेलेला ‘साहेब’ होतो, घरात ‘आबा’, ‘नाना’, ‘तात्या’ होतो. हा आदरच होय आणि तो असावा. पण आईवडील गेले, वडील भावंडे गेली, म्हणजे त्या माणसाला ‘अरे’ म्हणून हाक मारणारे कोणी उरत नाही. ते काम मग महाविद्यालयातील सोबतीच करू शकतो. त्याने या गुरुजींना इंग्रजीच्या तासाला मागच्या बाकावर झोपलेले पाहिलेले असते. त्याच्यापुढे पदाचा आव आणता येत नाही आणि आणावासा वाटतही नाही.

स्त्रियांच्या बाबतीत ही गोष्ट अधिक खोलवर जाते. त्या काळी विवाहानंतर स्त्रीचे आडनाव तर बदलेच, पण अनेक घराण्यांत ताटातल्या तांदळात अंगठीने लिहून तिचे पाळण्यातले नावही बदलण्याची रीत होती. सासरी गेल्यावर माहेरच्या नावाने तिला ओळखणारे लोक वर्षागणिक कमी होत गेले. सत्तर वर्षांच्या एखाद्या आजीबाईंना त्यांच्या महाविद्यालयीन मैत्रिणीने जुन्या नावाने ‘अगं’ म्हणून साद घातली, तर ते नाव त्यांच्या सुनांना आणि नातवंडांना ठाऊकही नसते. जुन्या वर्गाच्या मेळाव्यांत स्त्रियांची संख्या नेहमीच कमी दिसते. याचे कारण त्यांना उत्साह नसतो असे नव्हे. त्या सापडत नाहीत. महाविद्यालयाच्या जनरल रजिस्टरात माहेरचे नाव व माहेरचा पत्ता असतो. माहेरी आता भावाची मुले असतात आणि आत्याबाई कोठे असतात याची त्यांना पुरेशी माहिती नसते. शिवाय घरातील आजारी माणसांची शुश्रूषा व नातवंडांचा सांभाळ यांतून सवड काढणे त्यांना पुरुषांपेक्षा अवघड जाते.

जुन्या आठवणी आणि आरोग्य

म्हातारी माणसे सारखे मागचेच बोलतात, अशी तक्रार तरुण मंडळी करतात. एके काळी वैद्यकशास्त्रातही हे बुद्धी क्षीण झाल्याचे लक्षण मानले जाई. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ साली या समजुतीला छेद दिला. आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात गतजीवनाचे पुनरवलोकन करणे हा स्वाभाविक व उपयुक्त मनोव्यापार आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले. स्मृतीसंबंधी पुढे झालेल्या संशोधनातही असे आढळून आले की, उतारवयात माणसाला आपल्या साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांदरम्यानच्या घटना अधिक संख्येने आठवतात. महाविद्यालयाची वर्षे नेमकी याच काळात येतात. तेव्हा त्या वर्षांचा साक्षीदार जवळ असणे याला विशेष महत्त्व आहे. घरातल्या माणसांना तीच गोष्ट दहा वेळा ऐकावी लागते. सहाध्यायी मात्र ती ऐकून घेतो, इतकेच नव्हे तर ‘तसे नव्हते, मला आठवते’ म्हणून दुरुस्तही करतो. या दुरुस्तीत मनाला आणि बुद्धीला जो व्यायाम घडतो, तो एकट्याने जुना छायाचित्रसंग्रह चाळल्याने घडणार नाही, असे आम्हास वाटते.

हार्वर्ड विद्यापीठातील २६८ विद्यार्थ्यांच्या जीवनाचा एक अभ्यास १९३८ साली सुरू झाला. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले जॉन केनेडी हेही या विद्यार्थ्यांपैकी एक होते. नंतर बोस्टन शहरातील गरीब वस्त्यांमधील ४५६ मुलांचा गटही त्यास जोडण्यात आला. प्रश्नावल्या, मुलाखती आणि वैद्यकीय तपासण्या यांच्या द्वारे ही माणसे वार्धक्यापर्यंत अभ्यासली गेली. पन्नाशीत ज्यांचे निकटचे संबंध समाधानाचे होते, ते ऐंशीव्या वर्षी अधिक निरोगी आढळले. रक्तातील कोलेस्टेरॉलच्या प्रमाणावरून जो अंदाज बांधता येत होता, त्यापेक्षा हा अंदाज अधिक खरा ठरला. मूळच्या दोन्ही गटांत केवळ पुरुष होते, ही या अभ्यासाची मर्यादा लक्षात ठेवली पाहिजे. तसेच निकटचे संबंध म्हणजे पत्नी, मुले, आप्त आणि मित्र असे सर्वच. केवळ वर्गमित्र नव्हेत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका संशोधनात १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र तपासण्यात आली. ज्यांचे सामाजिक संबंध दृढ होते त्यांची जगण्याची शक्यता इतरांच्या तुलनेत सुमारे ५० टक्क्यांनी अधिक असल्याचे तीत दिसून आले.

यादी सांभाळणारा

ज्या तुकड्यांचा स्नेह टिकून राहिला, त्यांच्याकडे पाहिले तर एक गोष्ट बहुधा आढळते. त्यांच्यात कोणी तरी एक जण नावे, पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक यांची वही बाळगून असतो. हा माणूस वर्गात पहिला आलेला असतोच असे नाही. बहुतेक वेळा नसतोच. पण कोणाची बदली कोठे झाली, कोणाच्या मुलीचे लग्न ठरले, कोणाची शस्त्रक्रिया झाली, हे त्याला ठाऊक असते. अमेरिकेतील कित्येक महाविद्यालयांत प्रत्येक तुकडी आपला एक चिटणीस निवडते आणि तो वर्षानुवर्षे ही नोंद ठेवतो. आपल्याकडे हे काम कोणी नेमून न देता चालते. म्हणून ते त्या एका माणसाबरोबरच संपते. वहीची दुसरी प्रत दुसऱ्या एखाद्या सोबत्याकडे असणे, ही साधी खबरदारी घेण्याचे मात्र कोणाच्या मनात येत नाही.

पूर्वी हा व्यवहार पोस्टकार्डावर चाले. निधनाची वार्ता तारेने येई. १५ जुलै २०१३ पासून ती तारसेवाही बंद झाली. आता भ्रमणध्वनीवरील व्हॉट्सॲपच्या गटाने ती जागा घेतली आहे. गटावर रोज सकाळी फुलांची चित्रे येतात, त्यांची चेष्टाही होते. परंतु एकाकी राहणाऱ्या माणसाचे फूल दोन दिवस आले नाही, म्हणून चौकशी करणारा सोबती असला तर त्या फुलाचे मोल वेगळेच ठरते. ज्यांना ऐकू कमी येते किंवा पडद्यावरची अक्षरे दिसत नाहीत, ते मात्र अशा गटातून नकळत गळतात. त्यांच्यासाठी मोठ्या अक्षरातले पत्र हेच अजूनही उत्तम साधन आहे.

नोव्हेंबर महिन्यात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत जमणारे निवृत्तिवेतनधारक सर्वांनी पाहिले असतील. तेथे रांगेत कित्येक जुने सहाध्यायी एकमेकांस भेटतात. नोव्हेंबर २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ योजनेखाली हा दाखला संगणकीय पद्धतीने देण्याची सोय झाली. आजारी माणसांचे हेलपाटे त्यामुळे वाचले, ही मोठीच सोय होय. पण ती वार्षिक भेट मात्र त्यांच्यापुरती बुडाली.

संस्थांना करता येण्यासारखे

महाविद्यालयांच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला स्थान असल्यामुळे अलीकडे माजी विद्यार्थी संघ ठिकठिकाणी नोंदविले गेले आहेत. त्यांची दृष्टी स्वाभाविकपणे देणगी देऊ शकणाऱ्यांकडे असते. ऐंशी वर्षांचा निवृत्त शिक्षक त्यांच्या यादीत क्वचितच सापडतो. प्राचार्यांनी मनात आणले तर जुन्या रजिस्टरांवरून तुकडीवार नावे काढून देण्याचे काम एका लिपिकाला काही दिवसांत करता येईल. पत्ते परस्पर कोणालाही देणे इष्ट नाही. आलेले पत्र महाविद्यालयाने संबंधिताकडे पाठवावे आणि उत्तर द्यावयाचे की नाही हे त्याच्यावर सोपवावे. माजी विद्यार्थिनींच्या नोंदीत प्रवेशाच्या वेळचे नाव आणि सध्याचे नाव असे दोन रकाने असावेत.

मेळावा भरवावयाचा तर तो तळमजल्यावर, सकाळच्या वेळी, स्वच्छतागृह जवळ असेल अशा जागी भरवावा. आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. अशा कार्यक्रमांत पाहुण्यांची भाषणे आणि शाल-श्रीफळ यांतच बहुतेक वेळ जातो आणि ज्यांनी परस्परांशी बोलावे म्हणून हा खटाटोप केला, ते ओळीने खुर्च्यांवर गप्प बसून राहतात. पाहुणा नसलेला मेळावा अधिक रंगतो.

प्रवासाची अडचण पूर्वीपेक्षा कमी झाली आहे. एस. टी.मध्ये ६५ ते ७५ वर्षे वयाच्या ज्येष्ठांना निम्मे भाडे पडते. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून विनामूल्य प्रवासाची आणि सर्व स्त्रियांना मार्च २०२३ पासून निम्म्या भाड्याची सवलत मिळाली. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या मैत्रिणीकडे जाऊन संध्याकाळी परत येण्यास आता मुलाकडे पैसे मागावे लागत नाहीत, असा याचा अर्थ होतो.

सर्वांत नाजूक बाब शेवटी. वृद्धाची घरात आबाळ होत असेल तर ती नातेवाइकांना दिसत नाही, शेजारी बोलत नाहीत आणि तो स्वतः अब्रूसाठी झाकतो. जुना सोबती मात्र घरी आला की त्याच्या ध्यानात येते. कपड्यांवरून येते, बोलता बोलता मित्र दाराकडे पाहतो यावरून येते. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणासाठी २००७ साली जो केंद्रीय अधिनियम झाला, त्याच्या पाचव्या कलमान्वये निर्वाहासाठी ज्येष्ठ नागरिकास स्वतः अर्ज करता येतो. तो असमर्थ असेल तर त्याने प्राधिकृत केलेल्या अन्य व्यक्तीस किंवा संघटनेस त्याच्या वतीने अर्ज करता येतो. न्यायाधिकरण स्वतः होऊनही दखल घेऊ शकते. ही अन्य व्यक्ती म्हणजे वर्गमित्र असण्यास कायद्याची हरकत नाही. हा अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या पीठासनाखालील न्यायाधिकरणापुढे चालतो. सल्ला व मदतीसाठी १४५६७ हा दूरध्वनी क्रमांक ऑक्टोबर २०२१ पासून देशभर उपलब्ध करून देण्यात आला. ग्रामपंचायतीच्या फलकावर हा क्रमांक ठळक अक्षरांत लिहून ठेवण्यास काहीच खर्च येत नाही.