काटकीखालचे कंद

मे महिन्यात लाखांदूरला पारा 45 अंशांकडे सरकतो. धानाच्या बांध्यांना भेगा पडतात आणि आमच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, पाहुण्याला दाखवावं असं काही उरत नाही. एक उघडा वाफा आणि त्यात रोवलेल्या काटक्या, एवढंच. काटक्या खुणेच्या आहेत. त्यांच्याखाली कंद झोपलेत.

ट्यूलिपच्या कांद्याला थंडी हवी असते. श्रीनगरला दल सरोवराजवळ त्याची बाग फुलते, कारण दांडा नीट वर यायला त्याला तीनेक महिन्यांचा गारवा लागतो. आमच्या झाडीपट्टीतली थंडी तेवढी टिकत नाही. पण इथल्या रानातल्या कंदांना तिची गरजही नाही. त्यांची झोप कोरडी असते, हिवाळ्यात लागते आणि पावसाच्या चाहुलीनं मोडते. एका उन्हाळ्यात जीव राहवेना म्हणून मी रोज सांजेला वाफ्यावर पाणी शिंपलं. कळलावीचे निम्मे कंद कुजले. आमची कन्हार जमीन काळी, भारी, पाणी धरून ठेवणारी. तेव्हापासून वाफा वीतभर उंच केला, मातीत रेती आणि शेणखत मिसळलं. निशिगंध मात्र वेगळ्या वाफ्यात आहे. तो मूळचा मेक्सिकोचा, उन्हाळ्यातही पाणी मागतो.

पहिला जागा होतो भुईचाफा. पानाचा पत्ता नसताना फूल थेट जमिनीतून वर येतं, पांढरं-जांभळं, सुवासिक. मग मे फ्लॉवरचा लाल चेंडू; तो आफ्रिकेचा, पण आता घरोघरचा. सुरणाचं फूल आलं तर नाकाला आधी कळतं. कुजक्या मांसाचा तो वास माश्यांना बोलावण्यासाठी असतो. शेजारी नाक दाबतात, मी मात्र ते फूल कधी उपटलं नाही.

मृगाच्या सरींनंतर चार-सहा दिवसांत रेन लिलीची गुलाबी रांग उभी राहते. शेतात धानाचे पऱ्हे टाकले जातात. पुढे रोवणीच्या दिवसांत कळलावी कुंपणावर चढते, आणि माझा जीव खरा तिच्यातच आहे. तिच्या पानाचं टोकच ताणा होऊन आधार पकडतं. फूल पिवळं उमलतं आणि दिवसागणिक तांबडं होत जातं. कंद नांगरासारखा वाकडा, म्हणून संस्कृतात ती लांगली. तिच्या सर्वांगात विष आहे, कंदात तर जीवघेणं. त्यातल्याच कोल्चिसिनपासून संधिवाताच्या एका प्रकारावर, गाउटवर, औषध होतं. पण ते डॉक्टरांच्या हातचं काम. घरात लहान मूल असेल तर ही वेल लावूच नये.

भाद्रपदात सोनटक्का दरवळतो.

पुढे पानं पिवळी पडू लागली की वाफा अवकळा आल्यासारखा दिसतो आणि विळा हाती घ्यावासा वाटतो. घेऊ नये. पान हिरवं असेतोवर पुढच्या वर्षाचं अन्न खाली साठत असतं. वर असं सामसूम दिसताना काही कंदांची मुळं आखडतात आणि कंदाला मातीत आणखी खोल ओढून नेतात. दरवर्षी थोडं थोडं. जुना कंद लावला होता त्याहून खोल सापडतो, तो त्यामुळे.

दिवाळीच्या सुमारास कळलावीची बोंडं तडकतात, आत शेंदरी बिया दिसतात. वेल आता महिनाभरात वाळून नाहीशी होईल. त्याआधी तिच्या बुडाशी काटकी रोवायची आहे.