समजून घ्या : बर्फात हजारो एल्कसाठी 'चारा छावणी', शंभर वर्षांची ही मदत आता धोक्याची का ठरतेय?

दुष्काळातली चारा छावणी म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. रान करपते, चारा संपतो, मग जनावरे एका जागी आणून त्यांना जगवावे लागते. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात अशीच छावणी जवळजवळ दर हिवाळ्यात भरते. फरक एवढाच की तिथे गाय-बैल नसतात. डोंगरातून उतरून आलेले हजारो जंगली एल्क असतात. रान करपण्याऐवजी ते बर्फाखाली गाडले गेलेले असते.

उपासमारीने मरणाऱ्या प्राण्यांना वाचवण्यासाठी हे सुरू झाले. आज मात्र अनेक वन्यजीव शास्त्रज्ञ म्हणतात, ही छावणी हळूहळू बंद करा. पशुपालक म्हणतात, बंद केलीत तर आमचे काय? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. प्रकरण काय आहे, ते पाहू.

एल्क म्हणजे कोण?

हरणाच्या कुळातला धिप्पाड प्राणी. आपल्या सांबरापेक्षा मोठा, काश्मीरच्या हंगुलचा नातेवाईक. मादीचे वजन सव्वादोनशे किलोच्या घरात, नर तीनशे किलोच्या पुढे. उन्हाळ्यात हे कळप यलोस्टोन आणि ग्रँड टीटनच्या उंच डोंगरांत चरतात आणि बर्फ पडू लागला की खालच्या जॅक्सन होल नावाच्या खोऱ्यात उतरतात.

याच खोऱ्यात जॅक्सन गावाला लागून 'नॅशनल एल्क रिफ्यूज' आहे. क्षेत्र सुमारे 24,700 एकर, कारभार केंद्र सरकारच्या मत्स्य व वन्यजीव सेवेकडे. याशिवाय वायोमिंग राज्याचा वन्यजीव विभाग पश्चिम भागात 20 हून अधिक छोटी चारास्थळे चालवतो. एल्क हा तिथे शिकारीचा प्राणी आहे. परवाना काढून, ठरलेल्या हंगामात त्याची कायदेशीर शिकार होते. त्यामुळे कळप किती मोठा हवा, या प्रश्नात शिकारीही एक पक्षकार आहेत.

सुरुवात कशी झाली?

1880 च्या दशकापासून या खोऱ्यात वस्ती वाढली. एल्क जिथे हिवाळा काढायचे, नेमक्या त्याच सपाट जमिनीवर कुंपणे पडली, गुरांची कुरणे झाली. 1909 ते 1911 या काळात हिवाळे कडक गेले आणि एल्क मोठ्या संख्येने भुकेने मेले. जे तग धरून होते ते पशुपालकांच्या गवताच्या गंजींवर तुटून पडले. स्टीफन लीक या पशुपालक-छायाचित्रकाराने मेलेल्या एल्कचे फोटो काढून देशभर दाखवले. लोक हळहळले. 1911 मध्ये अमेरिकी काँग्रेसने 20 हजार डॉलर मंजूर केले आणि 1912 मध्ये रिफ्यूज अस्तित्वात आले.

म्हणजे मूळ समस्या भुकेची नव्हतीच, जागेची होती. जागा परत देणे अवघड होते म्हणून चारा दिला गेला. इंजिनीअरिंगला असताना आम्ही प्रोजेक्टच्या कोडमध्ये 'तात्पुरता' म्हणून एखादा पॅच टाकायचो आणि सबमिशनपर्यंत तोच चालायचा. इथला पॅच शतकभर चालला आहे. मोजके हिवाळे सोडले तर दरवर्षी चारा पडतोच.

चारा कधी आणि किती?

हिवाळा आला की लगेच चारा सुरू होत नाही. रिफ्यूजचे जीवशास्त्रज्ञ आधी बर्फातून फिरून किती गवत एल्कच्या तोंडाला लागेल, याचा अंदाज घेतात. हे प्रमाण एकरी 300 पौंडांच्या, म्हणजे साधारण 136 किलोंच्या आसपास आले की ट्रॅक्टर निघतात. बहुतेक वेळा जानेवारीच्या उत्तरार्धात सुरुवात आणि एप्रिलच्या सुरुवातीला शेवट, म्हणजे सुमारे 70 दिवस.

पूर्वी वाळलेले गवत टाकत. 1975 पासून लसूणघासाच्या दाबून केलेल्या गोळ्या वापरतात. आपल्याकडच्या गोळी पेंडेसारख्याच. एका एल्कला दिवसाला साधारण साडेतीन किलो. समजा 7 हजार एल्क आले, तर रोजचा चारा होतो साडेचोवीस टन आणि 70 दिवसांचा सतराशे टनांच्या पुढे. म्हणजे सोळा टनी शंभरावर ट्रक. सगळा चारा बर्फावर लांबच लांब रांगांत ओतला जातो.

फुकटची पंगत इतरांनाही कळतेच. 1980 मध्ये जॅक्सनच्या रानगव्यांना, म्हणजे बायसनना, या रांगांचा शोध लागला. मग त्यांचा कळपही वाढत हजारावर गेला आणि पुढे शिकारीने तो आटोक्यात आणावा लागला.

मक्याची पोती का टाकत नाहीत?

हा प्रश्न तिथले सामान्य नागरिकही विचारतात. उत्तर कोटीपोटात आहे. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या कोटीपोटातले जिवाणू त्याच्या खाण्याशी जुळलेले असतात. हिवाळ्यात हरणे काटक्या, साली, वाळके गवत खातात. तेव्हा आतले जिवाणूही तेच पचवणारे असतात. अशात अचानक मका पोटात गेला तर आम्ल झपाट्याने वाढते आणि प्राणी भरल्या पोटी मरतो. गोठा सांभाळणाऱ्या कुणालाही हे ठाऊक असते. लग्नघरचे उरलेले अन्न खाऊन गाय-म्हैस दगावल्याच्या बातम्या आपल्याकडेही येतात. 2015 मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यात 12 हरणे मेलेली सापडली, त्यालाही लोकांनी प्रेमाने घातलेले चुकीचे खाणेच कारणीभूत ठरले.

शिवाय हरणे हिवाळ्यात पूर्णपणे चाऱ्यावर जगतच नाहीत. शरद ऋतूत साठवलेली चरबी जाळत, कमीत कमी हालचाल करत ती दिवस काढतात. थोडे वजन घटणे हा त्यांच्या वर्षाचा नेहमीचा भाग आहे.

मग अडचण नेमकी कुठे आहे?

गर्दीत. मोकळ्या रानात विखरून चरणारे प्राणी चाऱ्याच्या रांगेत नाकाला नाक लावून उभे राहतात. तिथेच खातात, तिथेच शेण टाकतात, आणि हे आठवडेच्या आठवडे चालते.

याची पहिली किंमत म्हणजे ब्रुसेलोसिस, सांसर्गिक गर्भपाताचा रोग. तो मुळात पाळीव गुरांकडून एल्कमध्ये आला. हिवाळ्याच्या शेवटी एखाद्या मादीचा गर्भपात झाला, की त्या जागी तोंड लावणाऱ्या इतरांना लागण होते आणि चारास्थळावर ती जागा शेकडो जनावरांच्या मधोमध असते. पुढे एल्ककडून तो पुन्हा गुरांत जातो. 2004 मध्ये गुरांत रोग आढळल्याने वायोमिंगचा 'ब्रुसेलोसिसमुक्त' दर्जा गेला. तो परत मिळेपर्यंत पशुपालकांना गुरे विकताना तपासण्यांचा भुर्दंड पडला.

दुसरा रोग जास्त भयंकर आहे : क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, म्हणजे सीडब्ल्यूडी. 1967 मध्ये कोलोरॅडोतल्या एका संशोधन केंद्रात पाळलेल्या हरणांमध्ये तो पहिल्यांदा दिसला. 'मॅड काऊ'च्या कुळातला हा रोग जिवाणूमुळे होत नाही, विषाणूमुळेही नाही. प्रायॉन नावाच्या, चुकीची घडी पडलेल्या प्रथिनामुळे तो होतो. प्राणी महिनोन् महिने धडधाकट दिसतो, मग झिजत जातो आणि मरतोच. लस नाही, औषध नाही. माणसाला तो झाल्याचे सिद्ध झालेले नाही, तरी बाधित प्राण्याचे मांस खाऊ नका, असा तिथल्या आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे.

हे प्रायॉन लाळेतून, मूत्रातून, शेणातून जमिनीत उतरतात आणि वर्षानुवर्षे तिथे टिकतात. आपल्या छावणीतही लाळ्या-खुरकूत पसरू शकते. पण तिथे लस टोचता येते, पाऊस पडला की छावणी उठते आणि गुरे घरी जातात. इथे दरवर्षी तेच कळप त्याच जमिनीवर परततात. वासरे आयांमागून वाट शिकतात. बाधित जमीन धुऊन काढता येत नाही.

डिसेंबर 2020 मध्ये ग्रँड टीटन राष्ट्रीय उद्यानात शिकार झालेल्या एका एल्कमध्ये सीडब्ल्यूडी सापडला. पुढे 2024-25 च्या हिवाळ्यात तो थेट राज्याच्या चारास्थळांवर पोहोचला. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या संशोधकांनी संगणकीय मॉडेल चालवून पाहिली आहेत. त्यांचा कल असा : चारा थांबवला तर सुरुवातीला एल्क कमी होतील; पण चालू ठेवला तर दोन दशकांनंतर रोगामुळे ते त्याहून कमी उरतील.

मग खायला घालणे एकदम का थांबवत नाहीत?

भुकेलेला प्राणी नजरेसमोर असताना माणसे काय करतात, याचे एक उदाहरण नेदरलँड्समध्ये आहे. ॲमस्टरडॅमजवळच्या ओस्टफार्डर्सप्लासन या राखीव क्षेत्रात लाल हरणे, घोडे आणि गुरे माणसाच्या मदतीशिवाय जगू द्यायची, असे ठरले होते. 2017-18 च्या हिवाळ्यात तीन हजारांहून अधिक प्राणी गेले. त्यातल्या बहुतेकांना, ते तसेही जगणार नाहीत म्हणून, कर्मचाऱ्यांनीच गोळ्या घातल्या. संतापलेले लोक कुंपणावरून गवताच्या पेंढ्या आत फेकू लागले, कर्मचाऱ्यांना धमक्या आल्या. शेवटी नेमलेल्या समितीने प्राण्यांची संख्या सुमारे 1,100 वर आणायला सांगितले. तिथे अडचण कुंपणाची होती. प्राण्यांना दुसरीकडे जायला वाटच नव्हती. चारा न घालणे हे धोरण खरे, पण प्राण्यांना चालत जायला जागा असेल तरच.

वायोमिंगमध्ये कुंपणापलीकडे पशुपालक आहेत. चारा थांबला की एल्क त्यांच्या गंजींवर येणार, गुरांत मिसळणार. नुकसानभरपाईचा कायदा तिथे आहे. पण रानडुकराने उभे पीक लोळवल्यावर आपल्याकडचा शेतकरी भरपाईबद्दल काय बोलतो, ते आठवा. शिवाय जॅक्सनमध्ये हिवाळ्यात घोड्यांच्या स्लेजमधून एल्क पाहायला पर्यटक येतात. नरांनी गाळलेली शिंगे बॉय स्काउट्स गोळा करतात, मे महिन्यात त्यांचा लिलाव होतो आणि 75 टक्के रक्कम रिफ्यूजला मिळते. गावाच्या चौकातल्या कमानीही याच शिंगांच्या आहेत. एल्क कमी होणे गावाला नको आहे.

कागदावर काय आहे?

रिफ्यूजच्या 2007 च्या आराखड्यात हिवाळी एल्कची संख्या 5 हजारांवर आणायचे आणि चाऱ्यावरचे अवलंबन घटवायचे ठरले. चारा कधी बंद करणार, याची मुदत मात्र दिली नाही. पर्यावरण संघटना कोर्टात गेल्या. 2011 मध्ये अपील कोर्टाने आराखडा कायम ठेवला, पण रोग पसरवणारी ही पद्धत रिफ्यूजच्या मूळ हेतूशी विसंगत असल्याचेही सुनावले. 2019 मध्ये आणखी एक योजना आली : चारा दरवर्षी थोडा उशिरा सुरू करायचा, म्हणजे काही एल्क हळूहळू दुसरीकडे हिवाळा काढायला शिकतील.

राज्याच्या चारास्थळांचे गणित याहून अवघड आहे. 2021 मध्ये वायोमिंगच्या विधिमंडळाने कायदा करून चारास्थळ कायमचे बंद करण्याचा अधिकार वन्यजीव विभागाकडून काढला. आता पशुधन मंडळाचे मत घेऊन तो निर्णय गव्हर्नरने करायचा. मार्च 2024 मध्ये राज्याने चारास्थळांचा नवा आराखडा मंजूर केला. गर्दी कमी करा, चारा विखरून टाका, हंगाम आखूड करा, असे बरेच काही त्यात आहे. एकही चारास्थळ बंद करण्याची तारीख त्यात नाही.