बदकांसाठी तीन काडतुसं

अमेरिकेत स्थलांतरित बदकांच्या शिकारीला जाताना शॉटगनमध्ये एका वेळी तीनपेक्षा जास्त काडतुसं भरता येत नाहीत. हा केंद्राचा कायदा आहे. त्याच देशातल्या बहुतेक राज्यांत ३० गोळ्यांचं मॅगझिन असलेली एआर-१५ रायफल दुकानात मिळते. बदकांची जेवढी काळजी तेवढी माणसांची नाही, हा टोमणा तिथे जुनाच. पण त्यामागचा तर्क ध्यानात घ्यायला हवा. शिकार हा छंद, त्याला नियम लावता येतात. स्वसंरक्षण मात्र हक्क मानला जातो.

पूर्वी ही फारकत एवढी नव्हती. यादवी युद्धात सैनिकांचा नेम फारच कच्चा दिसला, म्हणून १८७१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन निघाली. शतकभर तिथे नेमबाज आणि शिकारी यांचाच वावर. पुढे नेत्यांनी मुख्यालय वॉशिंग्टनहून कोलोरॅडोला हलवून शिकार आणि निसर्गसंवर्धनावर भर द्यायचं घाटलं. १९७७ च्या सिनसिनाटी अधिवेशनात सभासदांनी रात्रभर बैठक चालवून त्यांनाच घरी बसवलं. या बंडाचे म्होरके हार्लन कार्टर यांच्या हाती सूत्रं आली आणि संस्था राजकारणात पुरती उतरली.

बंदूकवाले बदलले ते मात्र सावकाश. बंदूक मुख्यतः कशासाठी, या प्रश्नावर १९९९ मध्ये ४९ टक्के मालकांनी शिकार सांगितली, २६ टक्क्यांनी संरक्षण. २०१३ मध्ये प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीत शिकार ३२ वर आली, संरक्षण ४८ वर गेलं. राजकारण्यांना हे उशिरा कळलं. २००४ च्या निवडणुकीच्या तोंडावर डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन केरी ओहायोत हंसांच्या शिकारीला गेले, फोटोही छापून आले. ओहायो गेलं ते गेलंच.

२००८ च्या हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवण्याचा हक्क मान्य केला. २०२२ मध्ये तो हक्क घराबाहेरही नेला. तरीही बंदूक-नियंत्रणवाले ‘हरीण मारायला एआर-१५ कशाला?’ असंच विचारत राहतात. माझ्या मते हा प्रश्न फुकट आहे. ती रायफल हरणासाठी घेतली असं म्हणतंय कोण? विचारायचं ते हे, की घरातली बंदूक घरच्यांना वाचवते का? २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८ हजारांहून जास्त माणसं गेली. त्यांतल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या.