तळ्याकाठचा ‘इक्षुर’ : तालीमखाना

ज्या रोपाच्या संस्कृत नावातच ऊस आहे, ते आपण काटेरी तण म्हणून जाळतो. तालीमखाना किंवा कोळसुंदा म्हणतात ते हे रोप. जुन्या वैद्यकग्रंथांत त्याला कोकिलाक्ष, तसेच इक्षुर व इक्षुगंधा म्हटले आहे. इक्षु म्हणजे आपला ऊस!

रायगड जिल्ह्यातला कर्जत-खालापूर हा भाताचा मुलूख. तिथे डोंगराच्या पायथ्याशी ठाकूरवाडी नावाच्या आदिवासी वाड्या आहेत. पाऊस उघडला, की अशा भागात तळ्याच्या ओसरत्या काठाला आणि खाचरांच्या ओलीत हे रोप फुलते. आपल्याकडेही गावतळे, पाझर तलाव, ओढ्याची डबकी हीच त्याची जागा. उंची कमरेएवढी, खोडाच्या गाठीगाठीला सहा काटे, आणि त्यांच्या कुशीत निळी-जांभळी फुले. फुलाच्या खालच्या पाकळीवर पिवळी खूण असते. मधमाश्या आणि भोंगे या फुलांवर येतात. भिरभिरी जातीच्या काही फुलपाखरांच्या अळ्या याच पानांवर वाढतात.

कुणी म्हणेल, ऊस तर कांडीने लावतो, आम्हांला माशीचे काय? खरे आहे. पण आपण नुसता ऊसच करतो का? कांद्याचे बी, सूर्यफूल, काकडी, भोपळा ही पिके माशीवाचून भरत नाहीत. काकडी-भोपळ्यात नर आणि मादी फुले वेगळी. पराग नेणारे कुणी नसेल तर वेल नुसताच वाढतो. आपले पीक फुलात नसते, तेव्हा माशीला जगायला दुसरे फूल लागते. ते काठावर मिळते.

अन् आपण काय करतो? पाठीवर पंप घ्यायचा आणि उसाबरोबर काठावरही तणनाशक मारायचे. फूल तर जातेच, औषधही पाण्यात उतरते. त्याच पाण्यावर आपली गुरे जातात.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. पाण्याच्या कडेचा दोन-तीन हात पट्टा फवारणीतून सोडा. पाटाच्या तोंडाशी किंवा उसाच्या सरीत रोप आले, तर बी धरण्याआधी हाताने उपटा. तिथे ते तणच आहे. प्लॅस्टिकच्या शेततळ्यात मात्र ते लावू नका. बी औषधी असले, तरी वैद्याला विचारल्याशिवाय घेऊ नये.

या कामाला पैसा लागत नाही, फक्त पंप थोडा अलीकडे थांबवावा लागतो. सभासदांनी यंदा एवढे जरूर करावे, ही विनंती.