मांजराच्या पिल्लाला खेळवताना

आपल्या कर्जत-खालापूरकडे मांजर पाळतात ते उंदरांसाठी. भाताची पोती सांभाळायला घरात एखादी मनी हवीच. ‘तिच्या पिल्लाशी खेळायला वेळ कुणाला आहे?’ असे पालक मला विचारतात, तेही मुलाच्या हातावरचा ओरखडा दाखवायला दवाखान्यात आल्यावर! पण पिल्लाचा खेळ म्हणजे शिकारीचीच तालीम. दबा धरणे, झेप घेणे, पकडून मागच्या पायांनी झोडपणे, सगळे तेच. पावसाच्या झडीत घरात कोंडलेल्या पिल्लाला ही तालीम मिळाली नाही, तर रात्री ते पांघरुणातल्या आपल्या पायांवर झडप घालते.

खेळणी विकत आणायला नकोत. कागदाचा बोळा, रिकामे खोके, खराट्याच्या हिराला घट्ट बांधलेले कोंबडीचे पीस पुरे. पीस पिल्लाच्या अंगावर नेऊ नका, त्याच्यापासून लांब पळवा. उंदीर काही मांजराकडे धावत येत नाही. सकाळी आणि तिन्हीसांजेला पाच-दहा मिनिटे खेळवा. मधूनमधून सावज हाती लागू द्या, शेवटी खायला द्या. मग ते अंग चाटून स्वस्थ झोपते. लोकरीचा गुंडा मात्र चित्रातच बरा. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा त्याला सहजी थुंकता येत नाही. तो आतड्यात अडकला तर ऑपरेशनची पाळी येते.

आणि हात हे खेळणे नव्हे. आठ आठवडे आई-भावंडांत राहिलेले पिल्लू चावा आवरायला शिकते. त्याआधी उचलून आणलेले जोरात चावते. मुले मार बसेल म्हणून जखम लपवतात. रेबीज फक्त कुत्र्यापासून होतो हा समज चुकीचा आहे. मांजराच्या चाव्यातून, नखाच्या ओरखड्यातूनही तो होऊ शकतो, आणि लक्षणे दिसू लागल्यावर रोगी बहुधा वाचत नाही. म्हणून जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. हळद, चुना काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती आता नको. हल्लीची लस दंडात देतात. मात्र सांगितलेले सगळे डोस पूर्ण करा.

पिल्लू तीन महिन्यांचे झाले की त्यालाही पशुवैद्यकाकडून रेबीजची लस टोचून घ्या. नेताना पिशवीत कोंबू नका, झाकणाची टोपली बरी.