खडूवरची शाई आणि द्राक्षातलं रसायन



खडूचा प्रयोग तुम्ही केला असेलच. खडूला तळापासून बोटभर वर काळ्या स्केचपेनने गोल रेघ मारायची आणि बशीतल्या थोड्या पाण्यात तो उभा करायचा. पाणी वर चढतं तसे शाईतले रंग सुटे होतात. पाण्याशी गट्टी असलेला रंग पुढे पळतो, खडूला चिकटणारा मागे राहतो. हीच क्रोमॅटोग्राफी.

आमच्या वर्गात एका मुलीने न पुसला जाणारा मार्कर वापरला. रेघ जागची हलेना. ती म्हणाली, "बाई, या शाईत एकच रंग आहे!" मग पाण्याऐवजी अल्कोहोलचं सॅनिटायझर घेतलं, आणि रंग सुटे झाले. रंग आधीही होतेच, आपला द्रव चुकला होता.

आता खऱ्या प्रयोगशाळेत येऊ. २०१० मध्ये आपली द्राक्षं युरोपात अडकली. त्यांत क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे बागायतदारांच्या बोलीतलं 'सीसीसी', हे वेलीची वाढ आवरणारं रसायन सापडलं. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत तेव्हा त्याचं नावच नव्हतं. फटका शेतकऱ्यांना बसला. तिथली मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे २० टन द्राक्षांत एक ग्रॅम!

पण नुसतं यादीत नाव घालून भागत नाही. द्रव क्रोमॅटोग्राफीत बारीक कणांनी भरलेल्या कॉलममधून द्रव दाबाने सोडतात. नेहमीच्या सी-१८ कॉलमचे कण तेलकट स्वभावाचे असतात. बरीच कीटकनाशकं त्यांना धरून राहतात. सीसीसी मात्र विद्युतभारित आणि पाण्यात सहज विरघळणारं. ते न थांबता द्राक्षातल्या साखरेसोबत सुरुवातीलाच बाहेर पडतं, आणि त्या गर्दीत त्याचा संकेत दबतो.

म्हणून कॉलम बदलतात. 'हिलिक' पद्धतीत कण पाण्याची ओढ असलेले असतात, आणि द्रवात ॲसिटोनायट्राइल जास्त, पाणी कमी. आता सीसीसी थांबतं. पाणी वाढवलं तर ते लवकर निघून पुन्हा गर्दीत सापडतं. फार कमी केलं तर रेंगाळतं आणि आलेखावरचं शिखर पसरट होतं. थोडा अमोनियम क्षार घातला की शिखर नीट टोकदार येतं. कॉलमचं तापमान, द्रवाचा वेगही असाच जुळवतात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या. मुलांना आपण हेच शिकवतो ना?

पालकांनो, 'अंश आढळला नाही' असा अहवाल हाती आला तर दोन प्रश्न जरूर विचारा. कोणकोणती रसायनं शोधली? आणि किती कमी प्रमाण या पद्धतीने ओळखता येतं? 'आढळलं नाही' म्हणजे 'नाहीच' असं नसतं.

खडूचा प्रयोग दोन्ही द्रवांनी करून बघा. सॅनिटायझर पेट घेतं, म्हणून जवळ ज्योत नको, आणि ते ओतायचं काम मोठ्यांनीच करायचं.